सूचनेला मुभा, प्रश्नाला बंदी

मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावाला सकाळच्या प्रहरी परिसराची खबरबात देणारे स्वतःचे रेडिओ केंद्र हवे असेल, तर त्याने काय सांगावे? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये प्रक्षेपण-लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे दार उघडले आणि म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रे उभी राहिली. मात्र स्वतंत्र बातम्या व चालू घडामोडी यांवरील बंदी उठली नाही; आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविण्याची मुभा तेवढी मिळाली.

हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी व विजेविषयीच्या सूचना यांना शासन ‘बातमी’ मानीत नाही. तात्पर्य, नळाला पाणी कधी येणार हे केंद्राने सांगावे. ते का आले नाही, हे मात्र विचारू नये! वास्तविक स्वतंत्र वृत्तपत्र पोसण्याइतक्या जाहिराती लहान गावात मिळत नाहीत. तेथे अल्पशक्तीचे प्रक्षेपक हेच परवडणारे साधन होय. बंदीची झळ म्हणूनच शहरापेक्षा खेड्याला अधिक लागते.

अफवा व गटबाजी यांची भीती निराधार नाही. परंतु अफवा आज भ्रमणध्वनीवरून बिनबोभाट फिरतातच. उलट रेडिओ केंद्राला परवाना असतो, ठावठिकाणा असतो आणि कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे तीन महिने जपण्याचे बंधनही असते. एवढे उत्तरदायित्व स्वीकारणाऱ्याला किमान ग्रामसभा, पाणीपुरवठा आणि बाजार समिती यांच्या कारभाराविषयी बोलू देण्यात शासनाने कचरण्याचे कारण नाही.