बावीस नावं पुरेत

एक जानेवारी जवळ आली की पेठांतलं जुनं रडगाणं सुरू होतं. तुम्ही इंग्रजांचा विजय साजरा करता, तुम्ही देशद्रोही. ठीक. 1818 साली तुमचा देश म्हंजे कुठला होता ते एकदा सांगा. महारा-मांगाच्या सावलीनं बाटणारं पुणं, तोच ना?

पण आजचं भांडण त्यांच्याशी नाही, आपल्याशीच आहे.

स्टेजवर आपले पुढारी बोंबलतात, 500 महारांनी 28 हजार पेशवे कापले. टाळ्या पडतात. दोस्तांनो, खोटं कशाला? कॅप्टन स्टाँटनच्या पलटणीत महार होते, मराठे होते, मुसलमान होते. सोबत अडीच-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा, मद्रासचे गोलंदाज. पेशव्याकडून अरब लढत होते. शिरूरहून रात्रभर चालत आलेली माणसं दिवसभर उपाशी, पाण्यावाचून लढली. भीमा शेजारी वाहत होती. कंपनीची पावणेतीनशेच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली, हरवली. बाजीराव पुढं निघून गेला, स्टाँटन मागं शिरूरला फिरला. झालं एवढं. आन् हे काय कमी हाय?

पेरण्याच्या त्या स्तंभावर मेलेल्या 49 जणांची नावं आहेत. त्यातली 22 'नाक' लागलेली. गावानं ज्याला 'ए म्हारड्या' यापलीकडं हाक मारली नाही, त्याचं नाव दगडात गेलं. आपल्याला तेवढं पुरे. त्याला आकड्यांचा शेंदूर फासायची गरज नाही.

आणि इंग्रज काही आपला बाप नव्हता. काम सरल्यावर 1890 च्या दशकात त्यानंच महारांची भरती बंद केली. 1910 साली शिवराम जानबा कांबळ्यांना लष्कराची दारं उघडा म्हणून अर्ज करावा लागला. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला स्तंभावर गेले ते इंग्रजाला मुजरा घालायला नाही. अडीच महिन्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच वर्षी. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा.

2018 च्या एक जानेवारीला आयाबाया, पोरंबाळं घेऊन आलेल्या आपल्या लोकांवर दगड पडले, गाड्या जळाल्या, एका तरण्या पोराचा जीव गेला. मग धरपकड कुणाची? कवींची, वकिलांची, प्राध्यापकांची. 84 वर्षांचे स्टॅन स्वामी जामिनाविना 2021 साली कोठडीत असतानाच गेले. आनंद तेलतुंबड्यांनी तर कोरेगावच्या या मिथकालाच प्रश्न विचारले होते. त्यांनाही त्याच प्रकरणात 14 एप्रिल 2020 ला, ऐन भीमजयंतीला, हजर व्हावं लागलं. म्हंजे व्यवस्थेला आपला अभिमानही चालत नाही आणि आपली चिकित्साही चालत नाही.

येत्या एक जानेवारीला जाल तेव्हा पुढाऱ्याचं होर्डिंग आणि डीजे घरी ठेवा. रांगेत उभं राहा, ती 22 नावं सावकाश वाचा. पोरांना वाचून दाखवा.