विश्लेषण : गणपतीचे तिकीट मिनिटात ‘वेटिंग’ला! रेल्वेचा सर्व्हर वाढला तर रत्नागिरीकरांना काय मिळेल?

गणपतीच्या ६० दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, मुंबईतला चाकरमानी मोबाइलवर चक्र फिरताना बघत बसतो. पान उघडते तेव्हा कोकणकन्या, तुतारी, मांडवी सगळ्यांपुढे वेटिंग. दोष अर्थातच सर्व्हरला. आता रेल्वे आरक्षण यंत्रणेचे हार्डवेअरच बदलायचे ठरले आहे. पण किती मोठे घ्यायचे, हे ठरते कसे?

सरासरी का चालत नाही?

२०२३-२४ मध्ये आयआरसीटीसीवर दिवसाला सरासरी १२ लाखांहून अधिक तिकिटे निघाली. म्हणजे मिनिटाला साधारण ८५०. पण २२ मे २०२५ रोजी एकाच मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली, सरासरीच्या ३५ पटींहून जास्त. यंत्रणा या मिनिटासाठी उभारावी लागते. उरलेला दिवस तिची बरीच ताकद पडून राहते, तो खर्च टळत नाही. म्हणून भार तासाच्या सरासरीने न मोजता काही सेकंदांच्या अंतराने मोजतात.

नुसता प्रोसेसर किती टक्के वापरात आहे, एवढे बघूनही भागत नाही. रत्नागिरीच्या गाडीचेच उदाहरण घ्या. एकच आसन दोघांना जाऊ नये म्हणून एकाचा व्यवहार चालू असताना डेटाबेस त्या जागांची नोंद क्षणभर कुलूपबंद करतो. हजारो लोक एकाच गाडीवर, एकाच तारखेवर तुटून पडले की प्रोसेसर मोकळा असूनही रांग वाढते. दहा खिडक्या उघडल्या आणि वही एकच, तसे हे. म्हणून कुलूप सुटण्याची वाट, डिस्कवरील लिहिण्या-वाचण्यातला विलंब आणि माणसाला उत्तर मिळायला लागलेला वेळ हे सगळे वेगवेगळे मोजावे लागते. नाहीतर महागडे यंत्र येते आणि चक्र फिरतच राहते.

आकडे कोणते धरायचे?

सध्याची यंत्रणा २०१० मधली, इटॅनियम सर्व्हरवर चालणारी. जून २०२५ मध्ये रेल्वेने तिची क्षमता मिनिटाला ३२,००० तिकिटे सांगितली आणि नव्या यंत्रणेचे लक्ष्य दीड लाख. मुदत होती डिसेंबर २०२५. नंतर संसदेत माहिती देताना मात्र सध्याची क्षमता सुमारे २५,००० आणि नवी तिच्या चौपट, असे सांगण्यात आले. मे महिन्यातला विक्रम तर या २५,००० च्याही वरचा. क्षणिक शिखर आणि सतत पेलता येणारा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्यासोबत तो कसा मोजला हेही सांगितले पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न, हा भार कोणाचा? रेल्वेच्याच माहितीनुसार पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून बॉटचे होते. त्यासाठी अडीच कोटी खाती बंद केली गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यावरची पहिली १५ मिनिटे आधार पडताळणी केलेल्यांसाठीच ठेवली. हा भार मोजणीतून वेगळा काढला नाही, तर दलालांच्या सॉफ्टवेअरसाठीही सर्व्हर विकत घेतल्यासारखेच.

जागा मात्र सर्व्हरमध्ये नसतात. कोकण रेल्वेवर रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे खेड, चिपळूण, रत्नागिरीकडे गाड्या अजून एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबत जातात.