अपलोडच्या चौकटीतला हिशेब

टोरंट वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. सेटिंगमध्ये जा, अपलोडची मर्यादा १ केबी करून टाका आणि डाउनलोड पूर्ण झाले की फाईल यादीतून काढा. सल्ला देणाऱ्याला यात मोठी हुशारी वाटते. मला मात्र तो तांत्रिकदृष्ट्या चुकीचा वाटतो आणि नैतिकदृष्ट्या त्याहून चुकीचा.

आधी तांत्रिक बाजू पाहू. अमेरिकन प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटोरंट आणले. त्यात फाईल एकाच मोठ्या सर्व्हरवरून येत नाही. तिचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि घेणारेच ते एकमेकांना देत असतात. कोणाला द्यायचे, हे प्रोग्राम ठरवतो. त्याचा नियम साधा आहे : जो मला देतो, त्याला मी देतो. नव्याने आलेल्यालाही संधी मिळावी म्हणून साधारण दर ३० सेकंदांनी एखाद्याला आधी काही न घेता तुकडे दिले जातात. त्यामुळे अपलोड आवळून बसणाऱ्याला इतर घेणाऱ्यांकडून कमीच मिळते. पूर्ण फाईल बाळगून ती देत राहणारे, म्हणजे सीडर, भरपूर असतील तरच त्याचे भागते.

दुसरे टोकही बरे नाही. अपलोडला मर्यादाच नसली तर लाईन भरून जाते. डाउनलोड होताना आपला संगणक ‘मिळाले, मिळाले’ अशा छोट्या पोचपावत्या सतत पाठवत असतो. त्या रांगेत अडकतात आणि डाउनलोडच मंदावते. घरातल्या इतरांचा व्हिडिओ कॉलही तुटायला लागतो. म्हणून आपला अपलोडचा वेग मोजावा आणि त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास मर्यादा ठेवावी. वेग मेगाबिटमध्ये दिसतो, प्रोग्राम मात्र किलोबाइट विचारतो. १० मेगाबिट म्हणजे १२५० किलोबाइट, तेव्हा चौकटीत १००० लिहावे. गंमत अशी की बऱ्याच प्रोग्राममध्ये या चौकटीत ० लिहिले तर त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होतो. काहीच द्यायचे नाही म्हणून शून्य लिहिणारा नळ पूर्ण उघडून बसतो!

आता खरा मुद्दा. टोरंटच्या आधी नुटेला नावाचे असेच एक जाळे होते. २००० साली झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की त्यातले जवळजवळ ७० टक्के लोक एकही फाईल देत नव्हते. आयत्या बिळावर नागोबा! मिळणाऱ्या उत्तरांपैकी जवळजवळ निम्मी उत्तरे जेमतेम एक टक्का लोकांकडून येत होती. मोजक्यांनी द्यायचे आणि बाकीच्यांनी घ्यायचे, हे चित्र आपल्याला वाचनालयापासून मोहल्ल्याच्या कमिटीपर्यंत सगळीकडे ओळखीचे आहे.

टोरंटमध्ये हा हिशेब लपत नाही. एकाने उतरवलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्या कोणीतरी चढवलेलाच असतो. म्हणून दिलेले आणि घेतलेले यांचे प्रमाण, ज्याला रेशो म्हणतात, सगळ्यांचे मिळून सरासरी एकच्या वर जाऊच शकत नाही. मी शून्यावर थांबलो तर माझा वाटा कोणीतरी दुसरा उचलतो. सेटिंगमध्ये रेशोची मर्यादा किमान १ ठेवणे हे दानधर्माचे काम नाही, ती नुसती परतफेड आहे.

मोबाईलच्या रोजच्या मोजक्या डेटावर चालणाऱ्याला हे जड जाईल, हे मान्य. त्यासाठी वेळापत्रकाची सोय असते. ब्रॉडबँड मिळेल तिथे रात्री ठराविक तास अपलोड चालू ठेवता येते.

यात खरे नुकसान कोणाचे होते? गाजलेल्या सिनेमाचे नाही. त्याला हजार देणारे मिळतात. नुकसान होते दुर्मिळ वस्तूंचे. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी, उर्दू पुस्तकांची स्कॅन केलेली पाने टोरंटनेही उतरवता येतात. तिथे निदान संस्थेचा सर्व्हर पाठीशी असतो. जिथे तोही नाही आणि यादीत सीडरचा आकडा १ दिसतो, तिथे तो शेवटचा माणूस उठून गेला की ती वस्तू जाळ्यातून संपली. अशा ठिकाणी रेशो मोजू नये, फाईल चालूच ठेवावी.

अर्थात काय द्यायचे, हेही पाहिले पाहिजे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत पुस्तकावर त्याच्या वारसांचा किंवा ज्याला हक्क दिले त्याचा अधिकार असतो. परवानगीशिवाय ते वाटणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले वाढणे. आणि एन्क्रिप्शन चालू केले म्हणून आपण अदृश्य होत नाही. जोडलेल्या प्रत्येकाला आपला आयपी पत्ता दिसतच असतो.

लिनक्स, लिब्रेऑफिस, हक्कमुक्त जुनी पुस्तके असे वाटण्यासारखे पुष्कळ आहे. आज आपल्या प्रोग्रामची सेटिंग उघडा आणि अपलोडच्या चौकटीत कोणता आकडा आहे ते पाहा. तो १ असेल तर बदला.