चंगळवाद नावाची पळवाट

भंडारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आमच्या एका मित्रांनी मध्यंतरी तेरा वर्षे जुनी, जर्मन बनावटीची आलिशान मोटार घेतली. किंमत नव्या छोट्या गाडीइतकी. पैसे काही साठवलेले, काही पतसंस्थेचे. गाडी दारात आली त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये 'चंगळवाद' हा शब्द उच्चारला गेला. उच्चारणारे गृहस्थ स्वतः सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या नव्या कोऱ्या गाडीतून महाविद्यालयात येतात, हे त्या क्षणी कोणाच्याही ध्यानात आले नाही. चार महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, गाडीचा गिअरबॉक्स बसला. नागपूरहून दुरुस्तीचा अंदाज आला तो खरेदीच्या निम्म्याहून अधिक. मग स्टाफरूममध्ये 'तरी आम्ही म्हणतच होतो' असा सूर निघाला. वस्तुतः कोणी काहीच म्हटलेले नव्हते. गाडी घेण्यापूर्वी काय पाहावे, कोणाला दाखवावी, कोणते कागद मागावेत, याविषयी वाङ्मयाच्या त्या सर्व अभ्यासकांपाशी एक वाक्यही नव्हते. होता तो एक शब्द. आमचे भांडण त्या शब्दाशी आहे.

हा शब्द एके काळी उपयोगाचा होता हे आम्ही नाकारत नाही. १९९१ नंतर बाजार घरात शिरला, तेव्हा त्याला नाव द्यायला मराठी समीक्षेला काहीतरी हवे होते. परंतु शब्द झिजतात. आज 'चंगळवाद' म्हणणारा कशावर टीका करतो आहे हे त्यालाही ठाऊक नसते. वस्तूकडे न पाहता वस्तूविषयी मत देण्याची ती सोय झाली आहे. आणि ही सोय बहुधा खालच्या दिशेनेच वापरली जाते. नवी गाडी घेणारा 'गरज' भागवतो, जुनी मर्सिडीज घेणारा 'चंगळ' करतो. पुण्यातल्या समीक्षकाची मोटार ही मोटार असते. साकोलीच्या किंवा तुमसरच्या मास्तरांची मोटार हे लगेच सांस्कृतिक ऱ्हासाचे लक्षण ठरते.

या शब्दाने काय झाकले जाते याचे उदाहरण मराठवाड्यात घडून गेले आहे. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) व्यापारी, उद्योजक, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच सौद्यात विकत घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. वृत्तपत्रांतून कौतुक झाले, मागोमाग उसासेही टाकले गेले. पण नेमका प्रश्न विचारला तो पी. साईनाथ यांनी, आणि तो चंगळीविषयी नव्हताच. स्टेट बँकेने या गाड्यांसाठी सात टक्क्यांनी कर्ज दिले. त्याच प्रदेशातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी चढा दर मोजावा लागत होता. टीका अशी असते. तिच्यात व्याजाचा दर असतो, बँकेचे नाव असते, दुसऱ्या बाजूला ठेवायला एक ट्रॅक्टर असतो. 'चंगळवाद' म्हणून मोकळे होणाऱ्याला सात टक्क्यांचा उद्योजक आणि पतसंस्थेचा हप्ता भरणारे आमचे मित्र एकाच रांगेत बसवावे लागतात. दोघांच्या गाडीवर चांदणी एकच. एवढे त्याला पुरते.

बरे, वेगाची आणि देखणेपणाची हौस झाडीपट्टीला कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये. पटाची जोडी नांगराला जुंपत नाहीत. तिचा खुराक वेगळा, मालिश वेगळी, तिच्यावर होणारा खर्च शेतीच्या कोणत्याही हिशोबात बसणारा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. या सर्व वर्षांत बैलांच्या हालांविषयी रास्त वाद झाले, परंतु जोडी बाळगणाऱ्या शेतकऱ्याला चंगळवादी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. त्याला आम्ही 'लोकसंस्कृती' म्हणतो, पटाच्या रात्री होणाऱ्या नाटकांवर प्रबंध लिहितो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा जुनी स्पोर्ट्स कार शोधू लागला की मात्र आमची लोकसंस्कृती संपते.

येथे भाषेचा मुद्दा येतो, आणि आमच्या मते खरा मुद्दा तोच आहे. बैल विकत घेणाऱ्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या तावूनसुलाखून निघालेली भाषा होती. दोन दाती, चार दाती, जुळलेला. खांदा कसा, खूर कसे, भोवरा कुठे, कोणती खोड. दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करी, पण घेणारा आधी बैल चालवून पाही, बसवून उठवून पाही, तोंड उघडून दात मोजी. भंडाऱ्याच्या कासाराच्या दुकानात पितळेचे भांडे घेणारी बाई ते बोटाच्या टिचकीने वाजवून पाहते. ही सर्व परीक्षणे आहेत. समीक्षा शब्दाला लाज वाटू नये अशी. जुन्या मोटारीच्या बाजारात याच समाजाचा माणूस येतो तेव्हा त्याच्यापाशी एकही शब्द नसतो, आणि जे असतात ते सगळे विकणाऱ्याचे असतात.

हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा वाचावेत. 'सिंगल ओनर', 'डॉक्टरची गाडी', 'कंपनी मेंटेन्ड', 'टच-अप नाही', 'फक्त गंभीर ग्राहकांनी संपर्क साधावा'. यांतल्या बहुतेकांत क्रियापद नसते हे पहिले लक्षात घ्यावे. ज्याला काळ नाही ते विधान खोटे ठरवता येत नाही. 'कंपनी मेंटेन्ड' म्हणजे कोणत्या सालापर्यंत? आलिशान गाड्यांच्या बाबतीत बहुतेकदा वॉरंटी असेतोवरच. 'डॉक्टरची गाडी' हे तर रूपकच आहे: डॉक्टर स्वच्छ, तेव्हा गाडी स्वच्छ. डॉक्टर गाडीचे तेल वेळेवर बदलतो याला आधार काय, हे कोणी विचारत नाही. नवकवितेच्या चार ओळींतील अनेकार्थता उकलण्यात आम्ही तास घालवतो. ज्या दहा शब्दांवर आमचा माजी विद्यार्थी आयुष्याची बचत लावतो, त्यांचे वाचन आमच्या अभ्यासक्रमात नाही.

मग वाचायचे काय? जी गोष्ट आमच्या मित्रांना कोणी सांगितली नाही तिच्यापासून सुरुवात करू. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांची मोटार तेरा वर्षांनी पाच-सहा लाखांना मिळते, पण तिचा दिवा, तिचा पंप, तिचा गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. स्वस्त मिळालेली आलिशान गाडी ही स्वस्त गाडी नव्हे. पहिला हप्ता तेवढा स्वस्त असतो. म्हणून हातातली सगळी रक्कम खरेदीत घालणे हीच मूळ चूक. तिसरा हिस्सा तरी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला हवा, आणि तो नसेल तर गाडी एक पायरी खालची पाहावी.

गिअरबॉक्सविषयी थोडे विस्ताराने, कारण दुखणे तिथलेच आहे. फोक्सवॅगन समूहाच्या, म्हणजे स्कोडाच्याही, अनेक गाड्यांत सात गतींचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स येई. २०१३ मध्ये त्याच्यातले कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी कंपनीने जगभरातून सुमारे सोळा लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण आणि दमट हवेत त्याच्या विद्युतव्यवस्थेत बिघाड संभवतो, हे कारण होते. उष्ण आणि दमट! मे महिन्यातला भंडारा आणि त्यामागून येणारी वैनगंगेकाठची जुलै ज्याने पाहिली आहे, त्याने हे एक वाक्य वाचले असते तर गाडी घेण्यापूर्वी ते काम झाल्याची नोंद मागितली असती. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या काही वर्षांतील दोन लिटरच्या डिझेल इंजिनांत टायमिंग चेन इंजिनाच्या मागल्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला बसवलेली आहे. ती खडखडू लागली तर एवढ्याशा साखळीसाठी मोठा डोलारा उतरवावा लागतो. गाडी थंड असताना पहिल्यांदा चालू करून कान द्यायचा तो यासाठी. विक्रेत्याने आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले असेल तर तेथून परतावे. हवेच्या सस्पेन्शनवरच्या जुन्या मर्सिडीजला रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहावे. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर ती थकलेल्या बैलासारखी बसली आहे असे समजावे.

पुराची गाडी ओळखणे तर या जिल्ह्याला शिकवायलाच नको. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, त्यानंतर घराघरांतल्या भिंतींवर राहिलेली रेघ सर्वांनी पाहिली आहे. तीच रेघ सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की पट्ट्यावर दिसते; सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज दिसतो. २००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत अशा असंख्य गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असे मानणे भाबडेपणाचे होईल.

दिल्लीच्या गाडीचा मोहही असाच. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी करणारा हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१५ चा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि २०२५ च्या ऑगस्टात त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्ती करण्यास आवर घातला. मधल्या वर्षांत त्या गाड्या पडत्या भावाने देशभर पसरल्या. गाडी खरोखर चांगलीही असू शकते. पण तिला मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, कर्ज फिटल्याची नोंद हवी, महाराष्ट्राचा कर भरायला हवा आणि एमएच ३६ हा क्रमांक मिळवायला हवा. हे सर्व किमतीत धरले की मोह बराच ओसरतो. शिवाय पंधरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणीचे नूतनीकरण आहेच. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने ते आपल्याच पाळीत येणार हे ओळखावे.

आमचे मत विचाराल तर भंडाऱ्यात राहणाऱ्याने गाडी निवडण्यापूर्वी मेकॅनिक निवडावा. आलिशान गाड्या जाणणारी माणसे साठ-पासष्ट किलोमीटरवर, नागपुरात आहेत. त्यांच्यापैकी एकाला आधी भेटावे, तो कोणत्या गाड्यांना हात लावायला तयार आहे ते विचारावे, आणि निवड त्यातूनच करावी. साध्या पेट्रोल इंजिनाची जुनी कॅमरी किंवा अकॉर्ड ही चांदणीवाल्या गाडीइतकी मिरवत नाही, पण ती साकोलीहून परत आणते. वेगाचीच हौस असेल तर हाताने गिअर बदलण्याची गाडी पाहावी; आपल्याच रांजणगावात तयार झालेली, १४५ अश्वशक्तीची पुंतो अबार्थ त्या दृष्टीने गोड आहे. फक्त फियाटने भारतातील मोटारविक्री केव्हाच थांबवली, हे विसरू नये. (आम्हाला स्वतःला ती आवडते. येथे आमचा निःपक्षपातीपणा संपतो.)

यातले काहीही गुप्त नाही. इंग्रजीत ते सर्वत्र आहे, हिंदीत चित्रफितींतून आहे, आणि तेथे पुष्कळदा बोलणारा व विकणारा एकच असतो. मराठी गद्यात मात्र ते नाही, आणि ही आमची परंपरा होती असेही म्हणता येत नाही. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले ते कारखान्याचे पत्र म्हणून. त्यातूनच पुढे मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. नागपूरहून निघणारे 'उद्यम' मासिक साबणापासून शेती-अवजारांपर्यंत सर्व काही नीटस मराठीत समजावून देत असे. यंत्राविषयी लिहिणे म्हणजे वाङ्मयापासून ढळणे असे त्या संपादकांना वाटले नाही. ते आम्हाला कधी वाटू लागले? झाडीबोलीतल्या शेतीच्या शब्दांची नोंद करण्यासाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी आयुष्य वेचले. गॅरेजमध्ये हीच बोली बोलणारा माणूस गिअरबॉक्सच्या आवाजाला काय म्हणतो, याची वही कोण करणार?

आणि हे सगळे कुठे? ज्या जिल्ह्यात, महामार्गावरच्या गडेगावात, अशोक लेलँडच्या कारखान्यात १९८० च्या दशकापासून गिअरबॉक्स तयार होतात त्या जिल्ह्यात. दातेरी चाकांची अचूकता जाणणारे कामगार आमच्या मित्रांच्या गल्लीत राहतात. त्यांची मुले आमच्या वर्गात मराठी साहित्य शिकतात. गाडी घेण्यापूर्वी मित्रांनी त्यांच्यापैकी कोणालाही विचारले नाही, कारण आपण करतो आहोत ते काहीसे लाजिरवाणे आहे असे त्यांना आधीच वाटू लागले होते. गाडी पाहायला ते एकटे गेले, रविवारी, कोणाला न सांगता. बैल घ्यायला त्यांचे वडील कधी एकटे गेले नव्हते. 'चंगळवाद' या शब्दाने झालेले नुकसान मोजायचे असेल तर ते त्या एकट्या रविवारात मोजावे.

गाडी आता त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. ती विकण्याचे ठरले आहे, आणि जाहिरातीचा मजकूर लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले आहे. पहिल्या मसुद्यात आम्ही 'गिअरबॉक्स मे महिन्यापासून बंद आहे' हे वाक्य, क्रियापदासह, सर्वांत वर ठेवले. मित्रांचे म्हणणे ते तिसऱ्या ओळीत घ्यावे. वाद अजून चालू आहे.