मालकी लोकांची, कारभारही लोकांच्या नजरेसमोर

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात झालेल्या उत्खननात ती सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचे नाते भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत पोहोचले होते, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा. आज हे संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे आहे.

मालकी सरकारचीच राहावी. प्रश्न रोजच्या कारभाराचा आहे. इमारतीच्या दुरुस्तीला एकदा निधी मिळतो. पण शाळांसाठी उपक्रम, वस्तूंचे शास्त्रीय जतन, मराठीतली चांगली माहितीपत्रके यांसाठी दरवर्षी पैसा आणि माणसे लागतात. शहरातल्या दुसऱ्या एका वास्तूचे उदाहरण घ्या. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री महापालिकेच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू होरपळली. सारे कोल्हापूर हळहळले, उभारणीसाठी निधीही जाहीर झाला. आगीनंतर जागी होणारी ही आस्था आगीआधी वर्षभर कामाला लागेल, अशी व्यवस्था मात्र शहराकडे नाही.

मुंबईत ती उभी राहिली आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचे. त्याची वास्तू जीर्ण झाली होती. २००३ साली महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जतन करणारी ‘इन्टॅक’ ही संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. वास्तू आणि संग्रह पालिकेचेच राहिले, जीर्णोद्धाराला खासगी देणगी आणि तज्ज्ञांचे हात मिळाले, पुढे कारभारासाठी विश्वस्त संस्था आली. जीर्णोद्धाराच्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय नव्याने खुले झाले.

कोल्हापूरला यासाठी मुंबईकडेच पाहावे लागत नाही. १९०१पासून शाहू महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा समाजांची बोर्डिंगे उभी राहू दिली. दरबाराने जागा आणि अनुदान दिले, कारभार समाजाच्या मंडळांनी पाहिला. राजाश्रय आणि लोकांचा कारभार यांची ही जोडी इथेच रुजली.

पैशाची वाटही कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत वारसा, कला व संस्कृतीचे जतन स्पष्टपणे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींतल्या उद्योजकांपुढे हा प्रस्ताव कुणी नीट मांडायला हवा.

धोकाही आहे. विश्वस्त संस्था चार घराण्यांची जहागीर झाली, तर सरकारी ढिलाईपेक्षा नुकसान मोठे. म्हणून करार मुदतीचा हवा, मंडळावर पुरातत्त्वतज्ज्ञ आणि शिक्षक हवेत, संग्रहातील प्रत्येक वस्तूची नोंदवही लोकांना पाहता यावी आणि हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. सरकारचे अनुदानही करारात आकड्यासह लिहिलेले असावे. देणगी आली म्हणून ते कापता येऊ नये.

जुलै २०२५मध्ये कोल्हापूरजवळचा पन्हाळा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. गडावर येणारा प्रवासी शहरातही थांबतो. राज्य सरकारने टाऊन हॉलसाठी असा करार पुढच्या अर्थसंकल्पापूर्वी मांडावा आणि महापालिकेने केशवराव भोसले नाट्यगृहासाठी तोच नमुना आत्ताच तयार करावा.