बिलावरचा ‘व्ही’

मी मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या फायली कारापुरात बसून वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला, दुखापतीला तिचा कोड द्यायचा, हे माझं काम. कॉलेजात जाणारी भाची नेहमी विचारते, “मावशी, हाड मोडलं ते मोडलं. ट्रकने मोडलं की पडून, याच्याशी बिलाचा काय संबंध?”

संबंध आहे. मांडीचं हाड मोडलं की कोड ‘एस ७२’. ते कसं मोडलं हे सांगणारा कोड वेगळा, तो ‘व्ही’ने सुरू होतो. ट्रक किंवा बसने सायकलवाल्याला ठोकलं तर ‘व्ही १४’, मोटारसायकल-स्कूटरवाल्याला ठोकलं तर ‘व्ही २४’, पायी जाणाऱ्याला ठोकलं तर ‘व्ही ०४’.

उभं राहून चालवायची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर आली आणि प्रश्न पडला, हिला कुठे बसवायचं? अमेरिकेने १ ऑक्टोबर २०२० पासून तिला स्वतंत्र कोड दिले, तेही पादचाऱ्यांच्या गटात! रस्त्यावर ट्रकशी टक्कर झाली तर ‘व्ही ०४.१३१’. आपली बसून चालवायची, नंबरप्लेटवाली इलेक्ट्रिक स्कूटर मात्र ‘व्ही २४’मध्येच येते.

उपचाराचा खर्च ‘व्ही’ कोडवर ठरत नाही. पण तो कोणी द्यायचा, आरोग्य विम्याने की धडक देणाऱ्या गाडीच्या विम्याने, हा प्रश्न निघाला की सगळे कारणाकडे बघतात. आपल्याकडेही दाव्याच्या अर्जात इस्पितळाने भरायचा भाग असतो. त्यात रोगाचा कोड असतो, दुखापत रस्ता अपघाताची आहे का आणि पोलिसांना कळवलं का, हेही विचारलेलं असतं.

कोड लावणारी व्यक्ती अपघाताच्या जागी नसते. फायलीत असेल तेवढंच तिला दिसतं. ‘स्कूटरवरून पडला’ एवढंच लिहिलं, तर ट्रक कागदावरून गायब! मग दावा अडतो, आणि अवजड गाड्यांनी किती जणांना जखमी केलं या हिशेबातूनही तो अपघात सुटतो. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर आपले रस्ते मोकळे झाले होते. आता डिचोलीत खनिजाचे ट्रक पुन्हा धावताहेत आणि त्याच रस्त्यांवर तुम्ही मुलं दुचाकी काढता. म्हणून हा हिशेब आपल्याला हवा.

तेव्हा कुणाबरोबर इस्पितळात जायची वेळ आली, तर आधी १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना पाच गोष्टी सांगा: कशावर होता, चालवत होता की मागे बसला होता, कशाने ठोकलं, रस्त्यावर की आवारात, आणि किती वाजता. केसपेपरवर ते लिहिलं गेलं का, तेही बघा. रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची २०२५ची कॅशलेस योजना आहे. नेमलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. तिथे पोहोचल्यावर तिच्याबद्दल जरूर विचारा.