देह भारतीय, मोजपट्टी बेथेस्डाची

जानेवारी 2025 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची व्याख्या नव्याने मांडली. केवळ बीएमआयवर न विसंबता कंबरेचा घेर आणि अवयवांवर झालेले दुष्परिणाम विचारात घ्यावेत, तसेच भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढेच सावध व्हावे, असा तिचा आशय होता. विज्ञानवार्तांनी तिची योग्य ती दखल घेतली. मात्र या व्याख्येचा रुग्णाच्या आयुष्याशी जिथे प्रत्यक्ष संबंध येतो, त्या आरोग्यविम्याच्या कागदावर जुनाच आकडा आहे.

कल्पना करा, बेळगावच्या दोघी बहिणी आहेत. थोरली नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेली, धाकटी लग्नानंतर लंडनला गेलेली. दोघींची उंची 155 सेंटिमीटर, वजन 80 किलो. म्हणजे बीएमआय साधारण 33.3. दोघींनाही चार वर्षांपूर्वी टाइप 2 मधुमेह झाला आणि औषधे वाढवूनही साखर आटोक्यात येत नाही. पथ्य, व्यायाम, औषधे असे सर्व उपाय करून झाल्यावर दोघींनाही डॉक्टरांनी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचा विचार करण्यास सुचवले आहे.

धाकटी तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, कुटुंबवैद्याकडे जाईल. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या शिफारशींनुसार शस्त्रक्रियेची सर्वसाधारण मर्यादा 40 आहे, सोबत गंभीर आजार असल्यास 35. मधुमेह गेल्या दहा वर्षांतला असेल आणि बीएमआय 35 किंवा अधिक असेल, तर मूल्यमापन त्वरेने करावे असेही तिथे म्हटले आहे. पण त्याच मार्गदर्शनात आणखी एक वाक्य आहे. दक्षिण आशियाई, चिनी व इतर काही वंशांच्या व्यक्तींसाठी ही मर्यादा 2.5 ने कमी धरण्याचा विचार करावा. म्हणजे 35 च्या जागी 32.5. धाकटी त्यात बसते. याचा अर्थ तिची शस्त्रक्रिया उद्याच होईल असा नव्हे. एनएचएसमधील प्रतीक्षा दीर्घ असते आणि आधी वजन-व्यवस्थापन केंद्रातील तपासण्यांतून जावे लागते. पण दार उघडे आहे.

थोरलीचे दार बंद आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर 2019 मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. त्यातील सहाव्या क्रमांकाच्या कलमानुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक हवा. अथवा 35 किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा अनियंत्रित टाइप 2 मधुमेह यांसारखा आजार हवा, शिवाय सौम्य उपाय निष्फळ ठरलेले हवेत. ही शब्दरचना पॉलिसींमध्ये आजही आढळते. थोरलीचा मधुमेह या यादीत आहे, तिचे वजन मात्र चार किलोंनी कमी पडते. तिने काय करावे? आणखी चार किलो वाढवून पुन्हा अर्ज करावा?

न्याय म्हणून हे सांगितले पाहिजे की 2019 चा नियम हे एक पाऊल पुढेच होते. त्यापूर्वी अनेक विमा कंपन्या या शस्त्रक्रियेला सौंदर्योपचारांच्या रांगेत बसवून सरसकट नाकारत. आक्षेप आकड्याला आहे. 40 आणि 35 या जोडीचा उगम अमेरिकेतील बेथेस्डा येथे आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मार्च 1991 मध्ये भरवलेल्या परिषदेत ती निश्चित झाली. त्या काळच्या शस्त्रक्रिया बहुतांशी पोट उघडून होत, धोका अधिक होता, आणि पुराव्यांचा आधार पाश्चात्त्य रुग्णांचा होता. तिथे ती मर्यादा समजण्यासारखी होती. 28 वर्षांनी हैदराबादेतील नियामकाने ती जशीच्या तशी का उचलावी, हे समजणे कठीण आहे.

कारण मधल्या काळात या विषयावरचे एक अत्यंत बोलके काम पुण्यात झाले होते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवले की पुणे परिसरातील नवजात बाळे वजनाने लहान, सरासरी 2.7 किलोच्या आसपास असतात; पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने टिकून असते. जानेवारी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय अगदी एकच, 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे एकपानी टिपण जरूर पाहावे. इतक्या थोड्या जागेत इतके काही सिद्ध करणारे लेखन विरळा. त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्येसाठी 23, 27.5, 32.5 आणि 37.5 हे टप्पे सुचवले होते.

म्हणजे भारतीय देहाविषयीचे ज्ञान पुण्यात निर्माण झाले, लंडनमध्ये छापले गेले, ब्रिटिश सार्वजनिक सेवेने ते आपल्या नियमांत घेतले, आणि भारतीय नियामकापर्यंत ते अद्याप पोहोचलेले नाही. शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटना तर 2022 मध्ये त्याहून पुढे गेल्या: सर्वांसाठी 35, चयापचयाचा आजार असल्यास 30, आणि आशियाई व्यक्तींसाठी 27.5 पासून विचार. मी इतक्या पुढे जाण्याचा आग्रह धरणार नाही. 37.5 आणि 32.5 एवढे मान्य झाले तरी थोरलीचा अर्ज विचारात घेतला जाईल.

मर्यादा खाली आणली की खासगी रुग्णालयांचे फावेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. बंगळुरूत राहणाऱ्याला तो हलका मानता येणारही नाही. मे 2022 मध्ये याच शहरात एका तरुण अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. ती त्वचेखालची चरबी शोषून घेण्याची प्रक्रिया होती, बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया नव्हे. पण जाहिरातींमध्ये दोन्ही एकाच भाषेत विकल्या जातात. पहिलीत देहाचा आकार बदलतो. दुसरीत जठराचा मोठा भाग काढला जातो किंवा अन्नाचा मार्ग बदलला जातो, त्याने भूक व साखर यांचे नियमन करणारी संप्रेरके बदलतात, आणि म्हणूनच तिचा उपयोग मधुमेहावर होतो. हा भेद विम्याच्या कलमात स्पष्ट असणे हाच गैरवापरावरचा खरा अडसर. वजनकाट्यावरचे चार किलो गैरवापर रोखत नाहीत.

खर्चाचा प्रश्नही आहेच. मार्च 2025 मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. काहींना शस्त्रक्रियेची गरज उरणार नाही. तथापि ती औषधे थांबवल्यावर वजन बहुधा परतते, आणि वर्षानुवर्षे त्यांचा खर्च रुग्ण स्वतःच्या खिशातून करतो.

जी गोष्ट आकड्याइतकीच महत्त्वाची आहे आणि तिची चर्चा कमी होते, ती म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची वर्षे. नाइसच्या शिफारशीत शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राकडून किमान दोन वर्षे देखरेख आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी अपेक्षित आहे. आपल्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या काही महिन्यांवर थांबतात. बी-12, लोह, ड जीवनसत्त्व यांची कमतरता मात्र नंतर हळूहळू उघड होते. शाकाहारी भारतीयांत बी-12 आधीच कमी असते. बंगळुरूला शस्त्रक्रियेसाठी येणारे परदेशी रुग्ण विमानाने परत जातात, त्यांच्या देखरेखीची जबाबदारी कुणाची हा त्यांच्या देशांचा प्रश्न. इथेच राहणाऱ्यांबाबत तो आपला आहे.

थोरलीचा दावा नाकारला गेला तर ती विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे जाऊ शकते, तिथे समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे. त्यांचे एक कार्यालय बंगळुरूतच आहे. पण कंपनीने कलमाचा अर्थ चुकीचा लावला असेल तेव्हा तो मार्ग कामाचा. इथे कंपनीने कलम अगदी बरोबर वाचलेले असेल. दुरुस्ती कलमातच करावी लागेल: दोन आकडे बदलायचे, कंबरेचा घेर जोडायचा, आणि देखरेखीचा कालावधी महिन्यांऐवजी वर्षांत लिहायचा.